नाराज माणसाचा भाव

२०२१ च्या मे महिन्यात मिलवॉकीहून भाच्याचा मेसेज आला, "मामू, दोन फर्स्ट, एक सेकंड आणि एक बरा खेळाडू मिळत असेल तर द्यायचा का?"

इकडे दुसरी लाट चालू होती, शाळा मोबाइलवर भरत होती, रोज कुणाच्या ना कुणाच्या इंतकालची खबर येत होती. मला वाटलं पोराने मेसेज चुकून पाठवला. विचारलं, "कुणाला द्यायचा?" म्हणाला, "रॉजर्सला." "तो कोण?" त्यावर त्याने फोनच केला आणि पाऊण तास बोलला. त्या दिवसांत कुणी आजाराशिवाय दुसऱ्या कशावर पाऊण तास बोलत असेल तर बरंच वाटायचं. मी ऐकत राहिलो. त्या फोनपासून मी या प्रकरणात अडकलो तो आजतागायत.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही (मलाही नव्हता) त्यांच्यासाठी थोडक्यात. हा आपला फुटबॉल नव्हे. हा अमेरिकेचा, अंडाकृती चेंडूचा, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळण्याचा खेळ. त्यात क्वार्टरबॅक नावाची जागा असते. आपल्या संघाची चढाई असते तेव्हा जवळजवळ प्रत्येक खेळीत चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि तो कुणाकडे फेकायचा हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं. समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत असतात. चांगला क्वार्टरबॅक मिळाला की संघाची दहा-पंधरा वर्षं सुखात जातात. नाही मिळाला तर तितकीच वर्षं शोधण्यात जातात.

ॲरन रॉजर्स हा ग्रीन बे पॅकर्स या संघाचा असा क्वार्टरबॅक होता. २००५ साली आला, २०११ च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकून दिला, तोवर तीन वेळा संपूर्ण लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि २९ एप्रिल २०२१ रोजी बातमी फुटली की त्याला या संघात परत यायचं नाही. तो नाराज आहे.

दुसऱ्या दिवसापासून विस्कॉन्सिन राज्यात, भाच्याच्या ऑफिसात, बारमध्ये, रेडिओवर एकच चर्चा. तो का नाराज आहे ही नव्हे. त्याचे किती येतील, ही.

या भाव काढण्याचंही एक शास्त्र आहे. अमेरिकेत कॉलेजातून येणारे नवे खेळाडू संघांना वाटून दिले जातात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. जो संघ सगळ्यात खाली राहिला त्याची पहिली निवड, मग पुढचा, असं सात फेऱ्या. निवड करण्याचा हा हक्क संघ एकमेकांना विकू शकतात, पुढच्या दोन-तीन वर्षांचासुद्धा. भाच्याचे 'फर्स्ट' आणि 'सेकंड' म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या फेरीतले हक्क. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉयज संघाने एक तक्ताच तयार केला. पहिल्या क्रमांकाच्या निवडीला ३००० गुण, दुसऱ्याला २६००, असे उतरत जाणारे. तो तक्ता आता चाहत्यांना आपल्या पाढ्यांसारखा पाठ आहे. रॉजर्स स्वतः २४ व्या क्रमांकावर निवडला गेला होता. तक्त्यात त्या जागेचे गुण ७४०.

आमच्या रत्नागिरीकडे मोहोर बघून आंब्याच्या बागेचा सौदा करतात. फळ अजून धरलेलं नसतं, पाऊस-वारा काय करील ठाऊक नसतं, पण दोन माणसं झाडाखाली उभी राहून आकडा ठरवतात. ड्राफ्टच्या निवडींचा सौदा मला तसाच वाटला. फरक इतकाच की त्या मोहोराच्या बदल्यात इथे उभं झाड द्यायचं होतं. आणि झाड बोलत होतं.

डेन्व्हरवाले किती देतील? तीन फर्स्ट? त्यांच्याकडचे कुठले दोन तरुण खेळाडू मागायचे? १ जूनच्या आधी विकला तर त्याच्या कराराचा उरलेला सगळा खर्च याच वर्षीच्या हिशोबात येणार, नंतर विकला तर दोन वर्षांत विभागता येणार, म्हणून १ जूनपर्यंत थांबावं का? वय ३७ आहे, पण २०२० चा सर्वोत्तम खेळाडू तोच होता, मग भाव चढा की उतरता? भाच्याच्या ऑफिसातल्या एका माणसाने म्हणे यासाठी एक्सेल शीट केली होती. आपली माणसं निवडणुकीच्या निकालाआधी करतात तशी.

मी भाच्याला साधा प्रश्न विचारला. "अरे पण तो म्हणतोय काय?"

"ते नक्की कुणाला माहीत नाही, मामू. पण गेलाच तर फुकट जाऊ नये ना."

मी मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्दांत अडकायची सवय आहे. 'नाराज' हा शब्द आपण रोज वापरतो. तो 'ना' आणि 'राज़ी' यांचा जोड आहे. राज़ी म्हणजे खूशही आणि संमती असलेलाही. म्हणजे नाराज माणूस फक्त रुसलेला नसतो, जे चाललं आहे त्याला त्याची संमती नसते. मराठीत आपण नाराजीचं रुसवा करून टाकतो, आणि रुसवा म्हटलं की काढायचा एवढंच उरतं. संमतीचा प्रश्न गळून पडतो.

याच घराण्यातला दुसरा शब्द 'राजीनामा'. माझ्या वर्गातली उर्दू घरांतली मुलं तो मराठीच्या पेपरात दरवर्षी चुकतात, आणि चूक त्यांची नसते. उर्दूत राज़ीनामा म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेला समझोत्याचा कागद. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचं पत्र. त्याला उर्दूत इस्तीफ़ा म्हणतात. एकच शब्द, एका घरात जुळवतो, दुसऱ्या घरात तोडतो.

रॉजर्सला २०२१ मध्ये यांपैकी कुठला हवा होता, हेच कुणी विचारत नव्हतं. आणि दुसऱ्या अर्थाचा त्याला शक्यही नव्हता. तो निवृत्त होऊ शकत होता, म्हणजे खेळच सोडू शकत होता. पण इथून उठून तिथे जातो म्हणणं त्याच्या हातात नव्हतं, कारण करार ग्रीन बेच्या ताब्यात होता. जूनमधल्या सक्तीच्या सरावाला तो गेला नाही, त्याचा दंड सुमारे ९३ हजार डॉलर. पुढच्या शिबिराला गेला नाही तर रोजचा ५० हजार.

"करार केला आहे ना? मग पाळ की," हे चाहत्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य. वरवर पाहता बरोबरही. पण त्या लीगमधल्या बहुतेक करारांतली पुढच्या वर्षांची रक्कम पक्की नसते. खेळाडू गुडघ्यातून गेला, म्हातारा झाला, महाग वाटू लागला की संघ त्याला करार अर्धवट असताना काढून टाकतो. त्या वेळी कुणी संघाला म्हणत नाही, करार केला आहे ना, पाळ. तेव्हा म्हणतात, काय करणार, शेवटी हा धंदा आहे. म्हणजे संघासाठी धंदा आणि खेळाडूसाठी वचन. मला ही वाटणी पटत नाही.

हे काही मी नव्याने शोधलेलं नाही. १९६९ मध्ये सेंट लुइसच्या बेसबॉल संघाने कर्ट फ्लड या काळ्या खेळाडूचा बारा वर्षांनंतर फिलाडेल्फियाशी सौदा केला. त्याने जायला नकार दिला आणि बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहून कळवलं की मी कुणी माझ्या मनाविरुद्ध विकावी-घ्यावी अशी मालमत्ता नाही. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये हरला. कारकीर्द गेली ती गेलीच. फुटबॉलमध्ये करार संपल्यावर खऱ्या अर्थाने हवा तो संघ निवडायची मोकळीक मिळायला १९९३ उजाडलं. आणि गंमत बघा, त्या मोकळिकीचा पहिला मोठा फायदा कुणाला झाला? ग्रीन बेला. रेजी व्हाइट हा त्या काळातला बचावफळीचा सर्वांत मोठा खेळाडू. त्याने आपल्या मर्जीने या लहानशा, बर्फाळ गावाचा संघ निवडला आणि १९९७ च्या जानेवारीत तिथे सुपर बोल आला. त्याची मर्जी चालली तेव्हा गाव खूश होतं.

आता गावाबद्दल, कारण हा मामला दुसऱ्या कुठल्या गावात असता तर मी एवढा गुंतलो नसतो.

ग्रीन बेची वस्ती आहे एक लाख सात हजारांच्या आसपास. मैदानात बसतात ऐंशी हजारांवर माणसं. हंगामी तिकिटांच्या प्रतीक्षायादीत लाखाहून जास्त नावं आहेत, लोक मूल जन्मल्यावर नाव घालतात. आणि बाकी सगळे संघ अब्जाधीशांचे असताना हा एकच लोकांचा आहे. १९२३ पासून त्याचे शेअर लोकांकडे आहेत. भाच्याने २०२१ च्या हिवाळ्यात ३०० डॉलर देऊन एक घेतला. त्या विक्रीनंतर भागधारक झाले साधारण ५ लाख ३७ हजार. या शेअरवर लाभांश मिळत नाही, तो बाजारात विकता येत नाही, त्याचा भाव कधी वाढत नाही. मी म्हटलं, मग घेतलास कशाला? त्याने उत्तर न देता भिंतीवर लावलेल्या फ्रेमचा फोटो पाठवला.

उन्हाळ्यात सराव सुरू झाला की तिथे एक जुनी रीत आहे. गावातली लहान मुलं आपापल्या सायकली घेऊन उभी राहतात आणि खेळाडू त्या बुटक्या सायकलींवर बसून सरावाच्या मैदानापर्यंत जातात, मूल हेल्मेट धरून शेजारून पळतं. मी हे व्हिडिओ कितीदा पाहिले असतील. दोन मीटर उंचीचा माणूस गुडघे कानापर्यंत आणून गुलाबी सायकल चालवतो आहे आणि आठ वर्षांची पोरगी त्याचं हेल्मेट सांभाळत धावते आहे.

मला पेच हा पडला की ज्या गावात हे होतं त्याच गावात तो तक्ताही पाठ आहे. हेल्मेट धरून पळणारी मुलंच मोठी होऊन ७४० आणि ११५० चे गुण मोजतात. सुरुवातीला मला हे ढोंग वाटलं. आता तसं वाटत नाही. ज्या माणसावर जीव आहे तो सोडून जातो म्हणतो, तेव्हा त्या दुःखाचं करायचं काय? हिशोब हातात धरता येतो. "जाऊ दे, तीन फर्स्ट येतील" असं म्हटलं की आपण सोडून दिलेले राहत नाही, आपण विकणारे होतो. मयतीच्या घरात लोक जेवणाचा हिशोब करत बसतात त्यातलाच प्रकार. मन रमतं.

पण त्या हिशोबाची एक किंमत असते, आणि ती ज्याचा हिशोब चालला आहे तो मोजतो.

काही वर्षांपूर्वी मी अतिरिक्त ठरलो होतो. शाळेबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: पटसंख्या घसरली की संचमान्यतेत शिक्षकांची पदं कमी होतात, उरलेला शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि मग त्याचं दुसऱ्या शाळेत समायोजन होतं. कायदेशीर आहे, गरजेचंही असेल. उर्दू वर्गांत हे नेहमीचं. त्या शाळेत मी अकरा वर्षं काढली होती. माझं नाव यादीत आहे हे मला आमच्या शिपाईभाऊंनी सांगितलं, तेही बिचाऱ्यांनी मला ठाऊक असेल असं समजून. मी स्टाफरूममध्ये गेलो तेव्हा फळ्यावर वेळापत्रक मांडलेलं होतं आणि माझे तास कुणी घ्यायचे यावर चर्चा रंगात आली होती. आठवीचं मराठी कुणाला, नववीचं उर्दू कुणाला, माझं कपाट कुणाला. मला बघून सगळे गप्प झाले. त्यांतल्या एकानेही माझं वाईट चिंतलं नव्हतं. दोघं तर माझ्या मुलीच्या शादीत पंगत वाढायला उभे होते.

बदलीचं मला काहीच वाटलं नाही, नवी शाळा घराजवळ होती. तो फळा मात्र अजून दिसतो. आणि हेही लिहितो, कारण न लिहिणं बेइमानी होईल: त्याच्या दोन वर्षं आधी दुसऱ्या एका सरांचं नाव आलं होतं, तेव्हा खडू माझ्या हातात होता.

म्हणून २८ जुलै २०२१ ला रॉजर्स सरावाला परत येऊन पत्रकारांसमोर बसला आणि अखेर बोलला, ते मी दोनदा ऐकलं. पैसा हा मुद्दा नव्हता, असं तो म्हणाला. त्याने नावं घेतली. चार्ल्स वूडसन, जॉर्डी नेल्सन, ज्युलियस पेपर्स, क्ले मॅथ्यूज, रँडल कॉब. वर्षानुवर्षं संघासाठी हाडं झिजवलेली ही माणसं जाताना त्यांना मान मिळाला नाही, असं त्याचं म्हणणं होतं. माझ्या कामावर परिणाम करणाऱ्या निर्णयांत मला निदान विचारा, एवढी मागणी. आणि त्यामागे २०२० चा तो दिवस होताच. संघ विजेतेपदापासून दोन पावलांवर हरला होता, सगळ्यांना वाटत होतं ड्राफ्टमधून मदतीला कुणी येईल, आणि संघाने वरची जागा विकत घेऊन २६ व्या क्रमांकावर निवडला जॉर्डन लव्ह. नवा क्वार्टरबॅक. म्हणजे रॉजर्सचा वारस. रॉजर्सला आधी कुणी काही सांगितलं नव्हतं.

वारस निवडणं चूक होतं का? अजिबात नाही. २००५ मध्ये ब्रेट फाव्र हा देव असताना याच संघाने असाच एक वारस निवडला होता, त्याचं नाव ॲरन रॉजर्स. २००८ मध्ये फाव्र निवृत्त झाला, मग उन्हाळ्यात म्हणाला परत येतो, संघ म्हणाला आता गाडी पुढे गेली, आणि त्याला न्यूयॉर्क जेट्सना विकलं. तेव्हा सरावात चाहत्यांनी कुणाची हुर्यो केली? कोवळ्या रॉजर्सची, तो फाव्र नाही म्हणून. पुढच्या वर्षी फाव्र शेजारच्या शत्रूसंघात, मिनेसोटात गेला आणि नोव्हेंबरमध्ये खेळायला परत आला, तेव्हा त्याच मैदानाने त्याची हुर्यो केली. मग २०१५ मध्ये त्याच्या सत्काराला सदुसष्ट हजार माणसं मैदानात येऊन उभी राहिली. आपल्याला हे नवं नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये वानखेडेने हार्दिक पांड्याला काय ऐकवलं आणि त्याच वर्षी जुलैत विश्वचषक घेऊन आल्यावर त्याच वानखेडेने कुणाच्या नावाचा गजर केला, हे मुंबईकरांनी पाहिलं आहे.

तेव्हा वारस निवडा, जरूर निवडा. पण जो माणूस दर रविवारी तुमच्यासाठी फासळ्या मोडून घेतो त्याला एक फोन करा. बस, एवढंच माझं म्हणणं. चाहत्यांनी तो फोन का केला नाही असं संघाला विचारायला हवं होतं, कारण कागदावर का होईना मालक तेच आहेत. त्यांनी विचारलं काय, तर किती आणाल. संघाच्या अध्यक्षांनी स्वतः लिहिलं होतं की या प्रकरणाने चाहत्यांत फूट पडली आहे. पण दोन्ही गट मला एकाच बाजूला उभे दिसत होते. एक म्हणत होता विका, दुसरा म्हणत होता या भावात विकू नका.

रॉजर्स संत नाही हे सांगायला मला कुणी नको. त्याच पत्रकार परिषदेत तो म्हणाला की लोक ग्रीन बेला काही सुट्टी घालवायला येत नाहीत, माझ्याबरोबर खेळायला येतात. मिजास म्हणतात ती हीच. त्याच वर्षी कोरोनाच्या लशीबद्दल विचारलं तेव्हा त्याने शब्दांची अशी कसरत केली की ऐकणाऱ्याला वाटावं लस घेतली आहे. घेतली नव्हती. ज्या मे महिन्यात मी पहिल्यांदा त्याचं नाव ऐकलं त्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यातून किती जनाजे उठले हे आठवून मला त्याचा भयंकर राग आला होता. भाचा म्हणाला, "आता विकायचा का, मामू?" मी फोन ठेवला.

पण माझ्या पारड्यात दुसऱ्या बाजूलाही एक वजन आहे, ते लपवत नाही. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसच्या हल्ल्यानंतर दोन दिवसांनी ग्रीन बेच्या मैदानात सामन्याआधी शांतता पाळली जात होती. त्या शांततेत कुणीतरी मुसलमानांबद्दल घाणेरडं ओरडलं. सामना हरल्यावर पत्रकारांशी बोलताना रॉजर्सने स्वतःहून तो विषय काढला आणि म्हणाला की त्या चाहत्याने मला निराश केलं, अशाच पूर्वग्रहांनी जगाला इथवर आणलं आहे. त्याला गप्प बसता आलं असतं. ऐंशी हजार घरच्या माणसांपैकी एकाला चूक म्हणणं सोपं नसतं. भाच्याने मला हे बरंच नंतर सांगितलं. सांगितल्यापासून मी निष्पक्ष राहिलेलो नाही, वाचकांनी माझं मत त्या हिशोबाने घ्यावं.

पुढचं लवकर सांगतो. २०२२ च्या मार्चमध्ये रॉजर्सने नवा मोठा करार केला. हा उर्दूतला राज़ीनामा. त्याच दिवशी डेन्व्हरने रॉजर्सची वाट बघणं सोडून सिएटलच्या रसेल विल्सनला घेतलं. दोन फर्स्ट, दोन सेकंड, एक पाचव्या फेरीची निवड, वर तीन खेळाडू. सिएटलचे चाहते रडले, डेन्व्हरचे नाचले. दोन वर्षांत डेन्व्हरने विल्सनला काढून टाकलं आणि त्याच्या कराराचा साडेआठ कोटी डॉलरचा बोजा हिशोबात ओढून घेतला. सिएटलला त्या निवडींतून डेव्हन विदरस्पूनसारखा खेळाडू मिळाला. तक्ते पाठ असलेल्या किती जणांनी हे आधी सांगितलं होतं? मोहोर बघून केलेला सौदा तो.

२०२३ च्या एप्रिलमध्ये मराठीतला राजीनामा आला. रॉजर्सने आधीच सांगून टाकलं होतं की मला जेट्सकडे जायचं आहे, आणि ग्रीन बेने त्याला तिकडे पाठवलं. बदल्यात १५ ऐवजी १३ वी निवड, एक दुसऱ्या फेरीची, एक सहावीची आणि पुढच्या वर्षीची एक दुसऱ्या फेरीची, जिला एक अट होती: रॉजर्स न्यूयॉर्कसाठी त्या मोसमात किमान ६५ टक्के खेळी खेळला तर ती निवड पहिल्या फेरीची होणार. भाच्याच्या ऑफिसात म्हणे जेवण झालं. सौदा चांगला झाला होता.

११ सप्टेंबरला पहिला सामना. जेट्सच्या चढाईची चौथी खेळी. रॉजर्स खाली पडला, उठला, पुन्हा मैदानावर बसला. टाचेमागचा स्नायुबंध तुटला होता. एकोणचाळीसाव्या वर्षी.

इकडे सकाळ होती, मी शाळेला निघायच्या गडबडीत होतो. भाच्याचा मेसेज आला. त्यात बातमी नव्हती, फक्त हिशोब होता. "मामू, फर्स्टचा सेकंड झाला."

थोड्या वेळाने त्याने तो मेसेज काढून टाकला. मी पाहिला होता हे त्याला ठाऊक आहे, पण आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

जॉर्डन लव्हने त्याच मोसमात संघाला बाद फेरीत नेलं आणि डॅलसला त्यांच्याच मैदानात ४८-३२ हरवलं. त्याच डॅलसला, तक्तावाल्या. पोरगा शांत आहे, तीन वर्षं बाकावर बसून राहिला, एक शब्द वाकडा बोलला नाही. गावाने त्याला उचलून घेतलं. २०२४ च्या जुलैत सराव सुरू झाला, सायकली आल्या, आणि पहिल्या काही दिवसांत लव्ह नुसता हजर राहिला, सराव करेना. नव्या कराराची बोलणी अडली होती.

भाच्याचा मेसेज आला, "मामू, हाही बसून राहिलाय."

मी विचारलं, "काय म्हणतोय तो?"

बराच वेळ उत्तर नाही. मग आलं, "थांबा, विचारून सांगतो."